षड्जावर शिंक

जुबैल, १८ जानेवारी १९९१

हेमा,

वर आधी 'चि. हेमास अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं. मग कागद बदलला. आईच्या तेराव्यानंतर एक ओळ नाही आणि आता एकदम आशीर्वाद, हे माझं मलाच बरं दिसेना. अक्षरावरून ओळखलं असशील. मी चारुदत्त.

लढाई सुरू झाल्याचं रेडिओवर ऐकलं असशील. आम्ही कुवेतच्या सीमेपासून दोनशे किलोमीटरवर आहोत, म्हणजे फार लांब नाही आणि फार जवळही नाही. काल कंपनीने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून एकेक गॅस-मास्क दिला आणि एकेक फॉर्म. मास्क रबराचा आहे, सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो. फॉर्मवर 'जवळचे नातेवाईक' अशी ओळ आहे. तिथे मी पहिल्यापासून आईचं नाव लिहीत आलो. ती गेल्यावरही लिहीत राहिलो, कुणी विचारलं नाही. काल फॉर्म घेणारा माणूस म्हणाला, "मिस्टर बिवलकर, इस बार जिंदा आदमी का नाम लिखो." मी तुझं लिहिलं. तुला न विचारता लिहिलं, म्हणून कळवतो आहे. मिरजेचा पत्ता आईच्या जुन्या पत्रावरून घेतला. चुकला असेल तर हे पत्र कुठेतरी पडून राहील.

माझं काम तेच. कारखान्यांना थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं, ते आत ओढणाऱ्या पंपांवर मी देखरेख करतो. इथे बारा वर्षं होतील. सत्तेचाळिसाव्या वर्षी गुडघे दुखतात. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या आहेत आणि न्हाणीघरात पाण्याचे कॅन भरून ठेवलेत. बाकी दमलोय. भीती वाटते का, असं विचारशील तर, भीती वाटायलाही थोडा जोर लागतो.

उत्तराची अपेक्षा नाही.

चारुदत्त


जुबैल, २४ जानेवारी

हेमा,

पहिलं पत्र मिळालं असेल-नसेल. दुसरं लिहितोय, कारण परवा असं काही झालं की ते तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर कादिर राहतो. आमच्या स्टोअरचा मुख्य आहे, मूळचा हर्णैचा. त्याची बायको सकिना आणि सात वर्षांची मुलगी अरवा. इतर कुटुंबांनी डिसेंबरातच बायकामुलांना पाठवून दिलं. सकिना गेली नाही. "मी तिथं बसून बातम्या ऐकू, आणि हे हितं एकटे? जमायचं नाय," असं म्हणाली. मी एकटा म्हणून माझं रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असतं. ती मला भाऊ म्हणते.

परवा मगरिबच्या सुमारास, म्हणजे दिवेलागणीला, भोंगा झाला. जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे जमायचं ठरलेलं. दोन मल्याळी नर्सेस, एक फिलिपिनो वेल्डर, कादिरचं कुटुंब आणि मी. सगळ्यांनी मास्क चढवले. अरवाचा मास्क आदल्या दिवशीच मिळालेला, पोरांच्या मापाचा. ती काही केल्या घालेना.

कादिर आधी समजावत होता, मग ओरडायला लागला. मास्कमधून ओरडल्यावर आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ती आणखीच घाबरली. शेवटी सकिनाने आपला मास्क वर सरकवला आणि विचारलं, "काय होतंय गो तुला त्याच्यात?"

पोरगी म्हणाली, "अम्मी, अंदर छींक आई तो?"

हेमा, बाहेर भोंगा. आणि या पोरीला धाक कशाचा, तर मास्कच्या आत शिंक आली तर जाणार कुठे, याचा.

सकिना हसली. म्हणाली, "आली तर आली. शिंकेचं एक गाणं हाय, ठावं हाय तुला?" आणि गायला लागली.

"मंडळी आली, बैठक झाली, पोहे झाले गार,
विचारलं त्यांनी, मुलगी गाते? गाते की हो फार!
सा लावते आता... सा... सा... हाक् छी!"

सगळी कडवी. एक शब्द चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला अरवा हसायला लागली, तिसऱ्याला तिने स्वतः 'हाक् छी' केलं, आणि सकिनाने गाता गाताच मास्क तिच्या डोक्यावरून खाली ओढला. मग नर्सेसनी मास्कच्या आतून शिंका द्यायला सुरुवात केली. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. वेल्डरही शिंकला. मी भिंतीला टेकून बसलो होतो.

कादिर माझ्याकडे वळून म्हणाला, "चारुदत्तभाऊ, तुमच्या पुण्याच्या पोरांचं गाणं ना हे? आमच्या हर्णैत हॉटेलात दिवसभर वाजायचं. काय नाव त्यांचं, कसली तरी किटली."

"रेड केटल्स," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं ठावं?"

मी म्हणालो, "त्या वेळी सगळ्यांनाच माहीत होतं."

एवढंच म्हणालो. तेवीस वर्षांनी, इतक्या लांब, जिन्याखाली, तोंडावर रबर, आणि तरीही मी खोटंच बोललो. पाऊण तासाने भोंगा थांबला. काही पडलं नव्हतं.

हे गाणं तुला आठवायला लावल्याबद्दल माफ कर. तुझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही, हे मला माहीत आहे.

चारुदत्त


जुबैल, ४ फेब्रुवारी

हेमा,

उत्तरेकडून तेल येतंय. समुद्रात सोडलेलं कच्चं तेल, मैलोन्‌मैल. ते आमच्या पाण्याच्या तोंडाशी आलं तर पंप बंद, आणि पंप बंद तर सगळंच बंद. दहा दिवस आम्ही नारिंगी रंगाचे तरंगते पट्टे समुद्रात लावतोय. बारा-बारा तासांची पाळी. काल पट्ट्याला एक पाणकावळा अडकला होता, तेलाने इतका माखलेला की डोळे कुठे ते कळेना. मी त्याला हाताने सोडवलं. तो चावला. त्यात त्याची काही चूक नव्हती.

सकिनाला मी खरं सांगितलं. परवा जेवताना. म्हटलं, त्या किटलीवाल्यांत गिटार वाजवायचो तो मी, आणि गाणारी माझी धाकटी बहीण. कादिर उठून उभाच राहिला. "काय सांगता काय!" सकिना मात्र वाढता वाढता थांबली. म्हणाली, "ती तुमची बहीण? मग भाऊ, एक इचारू? त्या शेवटच्या कडव्यात त्या शिंकतात, मग हसतात, मग 'सा' लावून ज्या वर जातात, ते कसं करतात? शिंक काय, कुणालाबी येते. मी पोरगी असताना विहिरीवर जाऊन जाऊन ते वर जायचं बघायची. कधी जमलंच नाय. त्या आता कुठं गातात?"

मी म्हणालो, शिकवते. शाळेत.

"गात नाय?"

मी पाणी प्यायलो.

हेमा, तिने जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिलंय. माझं काही त्यात मिसळलेलं नाही. तू वर जातेस ते सात-आठ सेकंदांचं आहे. महाराष्ट्रभर लोकांनी ती शिंक ऐकली आणि हर्णैच्या एका पोरीने ते सात-आठ सेकंद ऐकले.

आता जे लिहायला इतके दिवस लावले ते लिहितो.

त्या दिवशी स्टुडिओत तुझं खरं गाणं संध्याकाळी पाचला संपलं होतं. ते संथ, तू तीन महिने घोटलेलं. अर्धा तास उरला म्हणून जगदीशने ड्रम्सवर तो टकटक ठेका धरला आणि आपण गंमत म्हणून ते मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाचं गाणं म्हटलं. शिंकेची नुसती नक्कल करायची ठरली होती. पण शेवटच्या कडव्यात गालिच्याची धूळ खरंच तुझ्या नाकात गेली. तू हसलीस आणि लाज झाकायला वरच्या षड्जावर गेलीस. मग म्हणालीस, "दादा, हे पुसून टाक. बुवांच्या कानावर गेलं तर माझी तालीम बंद करतील." मी हो म्हणालो.

मी तुला नंतर सांगितलं की कंपनीने चुकून ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलं. कंपनीने चुकून काहीही केलं नाही. चार दिवसांनी मी ती टेप घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, गायिकेची लेखी संमती लागेल. मी खाली चहा प्यायलो आणि परत वर जाऊन तुझी सही केली. तुझ्या सहीतला 'ह' मला नीट यायचा, लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची करायचो तसाच.

आम्ही चौघं दोन वर्षं इंग्रजी गाण्यांच्या नकला करत कॉलेजांच्या गॅदरिंगांत फिरत होतो. मला वाटलं, हे चालेल. चाललं. तुझं संथ गाणं पहिल्या बाजूला होतं, ते कुणी लावलंच नाही.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बुवा म्हणाले, ज्या तोंडाने षड्जावर शिंकलीस त्या तोंडाने माझ्यासमोर सा लावायचा नाही. नंतर तुला बघायला आलेल्या लोकांनी बश्या हातात धरून 'जरा शिंकून दाखवा' म्हटलं. सांगलीच्या त्या मैफलीत तू यमन सुरू केलास आणि मागून कुणीतरी 'हाक् छी' केलं.

सही मी केली. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

चारुदत्त


जुबैल, १२ मार्च

प्रिय हेमा,

लढाई संपली. आणि तुझं पत्र आलं. एकवीस दिवस लागले. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते खिशात ठेवलं आणि सबंध पाळी काम केलं. संध्याकाळी उघडलं.

तू लिहितेस की सहीचं तुला १९६९ पासून माहीत होतं. कंपनीत जाऊन तू स्वतः तो कागद बघितलास. तिथल्या माणसाने विचारलं, ही तुमचीच ना, आणि तू 'हो' म्हणालीस.  म्हणजे मला तुरुंगात घालणं तुझ्या एका शब्दावर होतं, आणि तू तो उच्चारला नाहीस. मी मात्र बावीस वर्षं या पापाला सांभाळत बसलो, तुला ते ठाऊक नाही असं समजून.

आणि तू लिहितेस, "दादा, सहीसाठी मी अबोला धरलेला नाही. तेव्हा तू चोवीस वर्षांचा होतास आणि मूर्ख होतास. पण बुवांनी मला बाहेर काढलं त्या दिवशी तू त्यांच्या फाटकापाशी होतास. मी बाहेर आले, तू आला नाहीस. मी शनिवार पेठेतून घरापर्यंत चालत गेले. तू तिथे काय करत होतास, तेवढं एक मला लिही. मग बघू."

सकिनाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. ठीक आहे.

तर त्या दिवसाचं. मी स्कूटर घेऊन तुला न्यायला आलो होतो. फाटकापाशी बरीच गर्दी होती, कॉलेज सुटलं होतं. स्कूटर सुरू होत नव्हती असंही आठवतं. तू कधी बाहेर आलीस ते गर्दीत नीट दिसलं नाही. घरी आलो तर तू दार लावून घेतलं होतंस. इतक्या वर्षांपूर्वीचं, सगळं स्पष्ट आठवत नाही.

इथलं हवामान बदलतंय. कुवेतच्या विहिरी जळताहेत, त्यांचा धूर वारा फिरला की इथवर येतो. परवा दुपारी बारा वाजता गाड्यांचे दिवे लावावे लागले. कादिर बरा आहे. अरवाची शाळा सुरू झाली.

तुझा,
दादा


जुबैल, १९ मार्च

हेमा,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक.

ते टाकून आलो तेव्हा कादिर पायरीवर बसला होता. म्हणाला, "बहिणीचं पत्र आलं म्हणे. काय म्हणतात?"

मी म्हणालो, "विचारते, त्या दिवशी मी काय करत होतो."

"मग? सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणजे, गर्दी होती असं लिहिलं."

कादिरने खिशातून टोपी काढली. मग म्हणाला, "चारुदत्तभाऊ, लढाईत मरायला टेकलो होतो आपण. आता कोणाला घाबरता?" आणि उठून नमाजाला गेला. त्याला काहीही माहीत नाही. तरी बरोबर बोलला.

स्कूटर व्यवस्थित सुरू होती.

ऐक. मी साडेचारला आलो. तू आत होतीस. कॉलेजच्या आठ-दहा मुली रस्त्याने चालल्या होत्या. त्यातल्या एकीने मला ओळखलं. रेकॉर्ड बाहेर येऊन दोन महिने झाले होते आणि तोवर मला रस्त्यात कुणीही ओळखलं नव्हतं, ओळखायचे ते तुला. ती म्हणाली, "अय्या, तुम्ही रेड केटल्समधले ना?" त्यांनी वह्या काढल्या. मी स्कूटरवर तिरका बसलो. एकीने विचारलं, शिंकेची कल्पना कुणाची हो? मी म्हणालो, माझी.

तेवढ्यात दार उघडलं. बुवांचा आवाज मला ऐकू आला. शब्द नाही, पण आवाज. तू बाहेर आलीस. तुझ्या हातात तानपुऱ्याची नुसती गवसणी होती, रिकामी. तुझा तानपुरा त्यांनी ठेवून घेतला हे मला त्या क्षणी कळलं. ते नंतर कळलं असं मी आईला सांगितलं, पण त्या क्षणीच कळलं. तू मान खाली घातली होतीस. फाटकातून निघालीस आणि माझ्यापासून चार हातांवर थांबलीस.

मुलींनी तुला ओळखलं नाही, फोटोत तुझे केस वेगळे होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. गर्दीत दिसलं नाही हे खोटं आहे. इतकं स्पष्ट मी आयुष्यात फार थोड्या गोष्टी पाहिल्या असतील. मी उठायला हवं होतं. दोन वह्या उरल्या होत्या. मी तुला हाताने खूण केली, एक मिनिट.

तू निघालीस. मी दोन्ही वह्यांवर सह्या केल्या. दुसरीवर तर तिने नाव सांगितलं आणि मी 'सप्रेम' असंही लिहिलं. मग स्कूटर सुरू केली आणि तुझ्या मागे न येता लकडी पुलावरून उलट्या बाजूला गेलो. घरी साडेआठला आलो.

त्या दिवशी मी हेच करत होतो.

याच्यापुढे माफी वगैरे लिहिली तर तुझ्याकडे काहीतरी मागितल्यासारखं होईल. तू एवढंच विचारलं होतंस.

चारुदत्त


जुबैल, २६ मे

हेमा,

तुझं कार्ड परवा मिळालं. दोन महिने मी रोज पोस्टाच्या पेटीपाशी जाऊन येत होतो आणि परवा नेमका गेलो नव्हतो. कादिरने आणून दिलं.

तू एकच ओळ लिहिली आहेस. 'गाडी मिरजेला किती वाजता पोचते ते कळव.'

सकिनाला दाखवलं. ती म्हणाली, "वाचून दाखवा पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती अर्धा किलो हुफूफचे खजूर बांधून घेऊन. "त्यांना द्या. आणि सांगा, हर्णैला सकिना म्हणून एक हाय, ती इचारत होती."

नोकरी मी कार्डाची वाट न बघता मागच्याच महिन्यात सोडली होती. कफिलाने, म्हणजे माझा व्हिसा ज्याच्या नावावर त्या मालकाने, पासपोर्ट द्यायला तीन आठवडे घोळवलं. मध्ये इकाम्यावरची, इथल्या राहण्याच्या परवान्यावरची, एक तारीख चुकलेली निघाली, मग ती दुरुस्त करायला दोन फेऱ्या. पण काल एक्झिटचा शिक्का बसला. इथलं सगळं दोन बॅगांत मावलं. बारा वर्षांचं इतकंच निघेल असं वाटलं नव्हतं. गिटार कधीच विकली होती, तेव्हा ती घेऊन येतो की काय अशी काळजी करू नकोस. तुला गायला सांगणार नाही. तू शिकवत असशील तेव्हा बाहेरच्या खोलीत बसेन, किंवा नको म्हणालीस तर गावात फिरून येईन. किती दिवस राहायचं ते तू ठरव.

जूनच्या वीस तारखेला मुंबईत उतरतो. त्याच संध्याकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण झालंय. ती एकवीस तारखेला सकाळी सहाच्या सुमारास मिरजेला येते. उशीर व्हायचा संभव असतो म्हणे. त्यामुळे स्टेशनवर येण्याची तसदी घेऊ नकोस. मी रिक्षा करून पत्ता शोधत येईन.

आलीसच, तर मी शेवटून दुसऱ्या डब्यात असेन.

दादा